शनिवारी सकाळी एएम रेडिओवर बोलणाऱ्या मुलांना खुलं पत्र

चि. रेडिओवाल्या मुलांनो,

अनेक उत्तम आशीर्वाद.

हे पत्र तुम्हाला वाचता येणार नाही. तरी मराठीत लिहिते आहे, कारण रागावताना आणि कौतुक करताना माझं इंग्रजी लंगडतं, आणि मला तुमच्या बाबतीत दोन्ही करायचं आहे. शिवाय तुमच्या स्टेशनच्या टप्प्यात मराठी घरं काही कमी नाहीत. त्यातलं एखादं कॉलेजातलं पोरगं तुम्हाला अर्थ सांगेलच.

मी पेनसिल्व्हेनियातल्या एका हॉस्पिटलच्या मायक्रोबायॉलॉजी लॅबमध्ये रात्रपाळी करते. सकाळी साडेसातला सुटते आणि चाळीस मिनिटांत घरी पोचते. एरवी गाडीत गाणी लावते, शनिवारी तुम्हाला. कार्यक्रम सातला सुरू होतो, म्हणजे पहिला अर्धा तास माझा कायमचा बुडतो. शेवटचा तुकडा मी घरासमोर गाडी उभी करून, इंजिन चालू ठेवून ऐकते. नवऱ्याला वाटतं मी कामाचा शीण घालवत बसले आहे. तुम्हा दोघांची वयं मिळवली तरी माझ्यापेक्षा चार-पाच वर्षांनी कमीच भरतील, आणि तरीही कूलिज, क्लीव्हलंड, टाफ्ट असल्या जुन्या अमेरिकी अध्यक्षांवर तुम्ही दोन-दोन तास बोलता, ज्यांची नावं माझ्या लॅबमधल्या इथे जन्मलेल्या मुलींनाही धड सांगता येत नाहीत.

आमच्या घरी, सांगलीला, रेडिओ म्हणजे बातम्या, भावगीतं आणि बाजारभाव. वडील बातम्या लावत तेव्हा स्वयंपाकघरात भांडं वाजवायची सोय नव्हती. पण रेडिओवर कुणी सरकारला नावं ठेवतंय, हे आम्ही उभ्या जन्मात ऐकलं नव्हतं. त्यासाठी पार होता, न्हाव्याचं दुकान होतं. भारतात आजही खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या द्यायची मुभा नाही. आकाशवाणीचं बातमीपत्र आहे तसं पुढे लावता येतं, बस. म्हणून इथे आल्यावर पहिल्यांदा गाडीत एएमचं बटण दाबलं आणि एक माणूस तिन्ही तास राष्ट्राध्यक्षाला झोडपतोय, मध्येच सोन्याच्या नाण्यांची जाहिरात करतोय, पुन्हा झोडपतोय, हे ऐकलं तेव्हा मला वाटलं की याला आता आत टाकणार. पुढच्या सोमवारी तो पुन्हा हजर.

हे सगळं कसं सुरू झालं ते तुम्हीच एका शनिवारी सांगितलंत, आणि छान सांगितलंत. १९४९ पासून इथे असा नियम होता की वादाच्या विषयावर बोलायचं तर दुसऱ्या बाजूलाही वाव द्यायचा. १९६९ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो उचलूनही धरला. मग १९८७ च्या जूनमध्ये काँग्रेसनं, म्हणजे इथल्या संसदेनं, तो नियम कायद्यात बसवायचा घाट घातला, त्यावर अध्यक्ष रेगननी नकाराधिकार वापरला, आणि ऑगस्टमध्ये दळणवळण आयोगानं नियमच काढून टाकला. गाणी तोवर एफएमवर राहायला गेली होती आणि एएम ओस पडलेल्या वाड्यासारखं झालं होतं. १ ऑगस्ट १९८८ ला त्या वाड्यात उजव्या मतांचे रेडिओवाले रश लिंबॉ शिरले. वय सदतीस, गाव मिझुरीतलं केप जिरार्डो. पुढची बत्तीस-तेहतीस वर्षं त्यांनी वाडा सोडला नाही. तुमचा जन्म व्हायच्या आधीच हे सगळं सुरू झालं होतं. तुम्ही तिसऱ्या पिढीचे भाडेकरू. त्यात आता मोटार कंपन्या म्हणतात, विजेच्या गाडीत मोटारीची खरखर एएमच्या आड येते, तर एएमच काढून टाकू. फोर्डनं २०२३ मध्ये तसं जाहीर केलं आणि ओरड झाल्यावर काही आठवड्यांतच शब्द फिरवला. म्हणजे वाड्याचं छप्परही गळकं आहे, आणि तरी तुम्ही तिथे हौसेनं पणती लावता.

मला तुमची सगळी मतं पटतात असं नाही. काही पटतात. उधळपट्टीबद्दल तुम्ही बोलता तेव्हा मला माझे वडील आठवतात, जे पाकिटं उलटी करून पुन्हा वापरत. काही मुळीच पटत नाहीत, विशेषतः बाहेरून आलेल्यांबद्दल तुमच्या तोंडून जे सहज निघून जातं ते. पण २०२५ च्या सप्टेंबरात युटातल्या एका विद्यापीठाच्या आवारात चार्ली कर्क यांना भर सभेत गोळी घातली, त्या आठवड्यातला तुमचा कार्यक्रम मी गाडी बंद करून ऐकला. एकतीस वर्षांचा माणूस, रोज रेडिओवर बोलणारा, समोर माईक ठेवून ‘माझं चूक आहे ते दाखवून द्या’ म्हणत विद्यार्थ्यांशी वाद घालत बसलेला. तुमच्यातला जो एरवी जास्त बोलतो, त्याचा आवाज त्या दिवशी दोनदा अडकला. त्या माणसाचं राजकारण मला कधी पटलं नाही. तरी मी घरात गेल्यावर बराच वेळ चहा न पिता बसले होते.

आता रागाचं.

आम्ही मराठी माणसं इतिहासाच्या बाबतीत भाजलेली आहोत. आमच्याकडे बखरी आहेत. लढाई होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी कुणी तरी धन्याच्या सांगण्यावरून लिहायला बसायचा. घोड्यांची संख्या वाढायची, वीर सव्वा हातानं उंच व्हायचे, शत्रूच्या तोंडी त्यानं कधी न उच्चारलेली वाक्यं यायची. वाचायला इतकी गोड की खोटं म्हणायला जीव धजत नाही. मग एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी वि. का. राजवाडे नावाचा एक तिरसट माणूस गावोगाव पायपीट करत वाड्यांच्या माळ्यांवरची दप्तरं उपसू लागला. पत्रं, हिशेब, वाळवी लागलेल्या याद्या. १८९८ मध्ये त्यांचा पहिला खंड छापून आला, आणि असे पुढे एकूण बावीस झाले. तेव्हापासून आमच्याकडे वादात एक प्रश्न कायम विचारला जातो: बखर सांगतोयस की कागद आहे? (हा प्रश्न विचारणाऱ्यालाच पुष्कळदा मार बसतो, तो भाग वेगळा. आमचं घर काचेचं आहे हे मला ठाऊक आहे.)

तुम्ही बखरी सांगता, मुलांनो. आणि तुमच्याकडे तर कागदांचे डोंगर आहेत. अध्यक्षांमागे एकेक ग्रंथालय बांधणारा हा देश. पहिलं फ्रँकलिन रूझवेल्टांचं, १९४१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या हाइड पार्कला उघडलेलं. १९७८ च्या कायद्यानं तर अध्यक्षांचे सरकारी कागद राष्ट्राच्या मालकीचे झाले. कुणाच्या माळ्यावर चढायला नको, वाळवी झटकायला नको, आणि तरीही तुम्ही ऐकीव गोष्टीच सांगत बसता. अध्यक्षपदाच्या निवडणुकीतली केनेडी-निक्सन वादचर्चा टीव्हीवर पाहणाऱ्यांना केनेडी जिंकले वाटले आणि रेडिओवर ऐकणाऱ्यांना निक्सन, हे तुम्ही तीनदा सांगितलंत. रेडिओवाल्यांना ही गोष्ट गोड लागणारच. पण तिच्यामागचा पुरावा एका लहानशा पाहणीपुरता आहे, आणि अभ्यासकांनी त्यावर केव्हाच बोट ठेवलं आहे.

मी तुम्हाला फोन केला होता ते तुम्हाला आठवत नसेल. फेब्रुवारी होता. तुम्ही जॉर्ज वॉशिंग्टनच्या निरोपाच्या भाषणाबद्दल बोलत होता. वॉशिंग्टन काँग्रेससमोर कसे उभे राहिले, गळा कसा दाटून आला, सभागृहात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता कशी पसरली. मी घरासमोर पोचले होते. डॅशबोर्डवर बर्फ वितळून पाणी टपकत होतं. नंबर लावला. तुमच्या स्क्रीनरनं नाव विचारलं, गाव विचारलं, काय म्हणायचंय ते एका वाक्यात सांगा म्हणाला, रेडिओ बारीक करा म्हणाला. मग पस्तीस मिनिटं होल्ड. त्या पस्तीस मिनिटांत मी गुडघेदुखीच्या गोळ्यांची जाहिरात चार वेळा ऐकली. माझी पाळी आली तेव्हा मी इथल्या रिवाजाप्रमाणे ‘बऱ्याच दिवसांची श्रोती, पहिल्यांदाच फोन करतेय’ असं म्हटलं आणि सांगितलं की वॉशिंग्टननी ते भाषण कधी केलंच नाही. तो लेख होता. त्यांचे सहकारी मॅडिसन आणि हॅमिल्टन, दोघांचा त्याला हात लागलेला होता, आणि १९ सप्टेंबर १७९६ ला तो फिलाडेल्फियाच्या एका वर्तमानपत्रात छापून आला. लोकांनी तो वाचला, ऐकला नाही. सिनेटमध्ये दरवर्षी तो मोठ्यानं वाचतात, त्यामुळे घोटाळा होत असेल.

तुम्ही हसलात. ‘मॅडम, तुम्ही आमच्या गोष्टीतली हवाच काढलीत,’ म्हणालात, आभार मानलेत आणि संगीत वाजलं. माझे सगळे मिळून पन्नास सेकंद झाले असतील. मी खूश होते. ब्रेक संपला, आणि तुमचं पहिलंच वाक्य: ‘तर त्या दिवशी वॉशिंग्टन उभे राहून जे म्हणाले...’

मी इंजिन बंद केलं आणि घरात जाऊन पोळ्यांची कणीक जरा जास्तच जोरात मळली.

तुमच्या लाडक्या रेगनांची एक गोष्ट आहे, ती तुम्हाला माहीत असणारच, कारण ते स्वतः ती रंगवून सांगत. १९३० च्या दशकात ते आयोवातल्या डेमॉइनच्या रेडिओवर शिकागो कब्जच्या बेसबॉल सामन्यांचं वर्णन करायचे. मैदान शेकडो मैल लांब. तारेनं एकेका चेंडूची त्रोटक खबर यायची, आणि ते स्टुडिओत बसून ती अशी फुलवायचे की ऐकणाऱ्याला गवताचा वास यावा. एकदा ऐन रंगात तार बंद पडली. आता काय? तार तुटली म्हणून सांगावं तर लोक दुसरं स्टेशन लावणार. मग त्यांनी फलंदाजाला फाउल मारायला लावले. फाउल पडला की खेळ पुढेही जात नाही आणि धावफलकावरही काही चढत नाही. एक फाउल, आणखी एक फाउल, चेंडूसाठी झटापट करणारी पोरं, पुन्हा फाउल. तार जोडली जाईपर्यंत कित्येक मिनिटं तो बिचारा फाउलच मारत होता. तार आल्यावर कळलं की तो पहिल्याच चेंडूवर बाद झालेला होता.

ही गोष्ट सांगताना रेगन हसत, आणि मीही हसते. पण तुम्ही इतिहास सांगता तेव्हा मला नेमकी तीच शंका येते, की या पोरांची तार केव्हाची तुटली आहे आणि हे आपले फाउल मारताहेत. रेगननी कर कधी वाढवलेच नाहीत, हा तसा एक फाउल. १९८१ ची मोठी करकपात खरी, आणि १९८२ मध्ये त्याच हातानं सही होऊन कर वाढले हेही खरं. १९८६ मध्ये कागदपत्रं नसलेल्या सत्तावीस लाखांच्या आसपास लोकांना कायद्यानं राहता येईल असं विधेयक त्यांनी सही करून मंजूर केलं, त्याचा तर तुमच्या दोन तासांत कधी उच्चारही झाला नाही. रेगन १९७५ ते १९७९ या काळात स्वतःच तुमच्यासारखे रेडिओवर रोजचे भाष्यकार होते, आणि त्यातली शेकडो भाषणं पिवळ्या कागदावर स्वतःच्या हातानं, खाडाखोड करत लिहिलेली सापडली. याला म्हणतात कागद. तो खाडाखोड केलेला माणूस मला तुमच्या रेगनपेक्षा कितीतरी जास्त आवडतो.

पण मला खरं बोलायचं आहे कूलिजबद्दल.

कॅल्विन कूलिज तुमच्यामुळे मला भेटले. तुम्ही त्यांचं गुणगान इतकं लावलंत की एका सुट्टीत मी नवऱ्याला व्हरमाँटमधल्या प्लिमथ नॉचला ओढत नेलं. डोंगरातलं इवलंसं गाव, दुकान, चर्च, चीजचा कारखाना आणि ते घर. त्यात ती बसकी खोली जशीच्या तशी राखलेली आहे. ३ ऑगस्ट १९२३ च्या मध्यरात्री अध्यक्ष हार्डिंग गेल्याची खबर तिथे, तेव्हा उपाध्यक्ष असलेल्या कूलिजना, पोचली. घरात वीज नव्हती. पावणेतीनच्या सुमाराला रॉकेलच्या दिव्याच्या उजेडात कूलिजच्या वडिलांनी मुलाला अध्यक्षपदाची शपथ दिली, कारण म्हातारा गावचा नोटरी होता. शपथ झाली आणि राष्ट्राध्यक्ष वर जाऊन झोपले. हे सगळं तुम्ही सांगता. पुढचं सांगत नाही: गावच्या नोटरीला अशी शपथ देता येते की नाही, याची वॉशिंग्टनमध्ये शंका निघाली आणि काही दिवसांनी एका हॉटेलात न्यायाधीशाकडून ती पुन्हा गुपचूप उरकली गेली. यानं दिव्याची गोष्ट मोडत नाही. उलट मला तर आता तो म्हातारा जास्त दिसतो, चष्मा लावून शपथेचा मजकूर शोधणारा.

तुमचे कूलिज म्हणजे प्राप्तिकराचा वरचा दर २५ टक्क्यांवर आणणारे आणि तोंड न उघडणारे. तोंड न उघडणारा हा माणूस आठवड्याला दोनदा पत्रकारांना भेटायचा, आणि डिसेंबर १९२३ मध्ये काँग्रेससमोरचं त्यांचं वार्षिक भाषण हे रेडिओवरून गेलेलं तसलं पहिलं भाषण. म्हणजे तुमच्या धंद्याचे ते एक पूर्वजच. शेतमाल जादा झाला तर सरकारनं चढ्या भावानं घ्यावा आणि परदेशात तोट्यात विकावा, असं विधेयक त्यांनी दोनदा, १९२७ आणि १९२८ मध्ये, नाकारलं. ते तुम्ही टाळ्या वाजवत सांगितलंत. माझे काका तासगावचे द्राक्षबागायतदार. भाव पडला की रात्र रात्र अंगणात बसून राहायचे. तुमच्या टाळ्यांच्या आवाजात मला ते अंगण दिसत होतं. निर्णय बरोबर होता की चूक हा वाद मी घालत नाही. टाळ्या जरा हळू वाजवा, इतकंच.

आणि द्राक्षांवरून आठवलं. १९२४ च्या उन्हाळ्यात कूलिजचा धाकटा मुलगा, सोळा वर्षांचा, व्हाइट हाउसच्या कोर्टवर मोजे न घालता टेनिस खेळला. पायाच्या बोटाला फोड आला. फोडातून विष रक्तात गेलं आणि ७ जुलैला, खेळल्यापासून आठवड्याभरातच, पोरगा संपला. पेनिसिलिनचा शोध लागायला अजून चार वर्षं होती, ते औषध हाताशी यायला त्याहून खूप. त्याच्या रक्तात जे वाढलं, तेच मी रात्री दोन-तीन वाजता सूक्ष्मदर्शकाखाली बघते. मशीन बीप करतं, मी रक्ताची बाटली काढते, काचेवर थेंब पसरते, रंग देते, आणि भिंगाखाली जांभळे गोल दाणे घडाघडानं दिसतात. या जंतूंचं नाव स्टॅफिलोकॉकस, आणि स्टॅफिलो म्हणजे ग्रीकमध्ये द्राक्षाचा घडच. मी वॉर्डात फोन लावते, नर्स माझं वाक्य परत म्हणून दाखवते, आणि सकाळपर्यंत अँटिबायोटिक चालू झालेलं असतं. कूलिजनी आत्मचरित्रात लिहिलं आहे की मुलगा गेला आणि त्याच्याबरोबर अध्यक्षपदाची सत्ता आणि वैभवही गेलं. प्लिमथच्या टेकडीवर साध्या दगडांखाली सगळे ओळीनं झोपले आहेत. तुमच्या पंचवीस टक्क्यांच्या कूलिजमध्ये हा बाप कुठेच नाही.

बाप नाही आणि सहीही नाही. मुलगा जायच्या सहा आठवडे आधी, २६ मे १९२४ ला, त्यांनी स्थलांतराच्या कायद्यावर सही केली, ज्यानं आशियातल्या जवळजवळ सगळ्यांना दार बंद झालं. जपान्यांना वगळण्याचं कलम आपल्याला पसंत नाही असं त्यांनी तेव्हा सांगितलं, पण सही केली. त्याच्या आदल्याच वर्षी सुप्रीम कोर्टानं भगतसिंग थिंड या अमेरिकी सैन्यात राहून आलेल्या शीख माणसाला, तू गोरा नाहीस म्हणून नागरिक होऊ शकत नाहीस, असं ऐकवलं होतं. ते दार किलकिलं व्हायला १९४६ उजाडलं, तेही भारतातून वर्षाला शंभर माणसांपुरतं. नीट उघडलं ते १९६५ मध्ये. माझं इथे येणं १९९० च्या कायद्यातल्या व्हिसावर, ज्यावर थोरल्या बुशची सही आहे. तुमच्याच रिपब्लिकन पक्षाचे.

आणि हेच कूलिज ५ जुलै १९२६ ला फिलाडेल्फियाला, स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला दीडशे वर्षं झाली तेव्हा म्हणाले की सगळी माणसं समान आहेत हे एकदा म्हटलं की तो विषय संपला, त्याच्या पुढे जाता येत नाही. तो उतारा तुम्ही हवेवर वाचलात. सुंदर वाचलात. माझ्या अंगावर काटा आला, आणि त्याच क्षणी मला १९२४ ची ती सही आठवली. दोन्ही एकाच हाताचं. मला दोन्ही हवे आहेत, मुलांनो. बखरीत एकच मावतो.

तर मागणं एवढंच की एका शनिवारी एक अख्खा तास या दोन कूलिजना समोरासमोर बसवा. भाषण वाचा, मग कायदा वाचा, मग काय वाटतं ते बोला. तुम्हाला जमेल. तुम्ही वाचणारी मुलं आहात, तेवढं मला ऐकून कळतं. तुमचा निष्कर्ष माझ्याविरुद्ध गेला तरी चालेल. मी घरासमोर गाडीत बसून ऐकेन, आणि बाकी राहिलेलं सांगायला नंबर लावेन.

कळावे, लोभ असावा.

तुमची,
सांगलीची एक मावशी, सध्या मुक्काम पेनसिल्व्हेनिया

ता. क. स्क्रीनरला सांगून ठेवा, रेडिओ मी आधीच बारीक केलेला असेल.